चार माणसांचा तंबू

तंबूच्या खोक्यावर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं असतं. ही चार माणसं कोण, याचा खुलासा कुठलाच दुकानदार करत नाही. माझा अंदाज असा, की ती अविवाहित, सडपातळ आणि काडेपेटीतल्या काड्यांसारखी एका अंगावर झोपून रात्रभर कूस न बदलणारी असावीत. सामान त्यांच्याकडे नसतं. अडीच वर्षांचं मूल तर नसतंच नसतं. कारण ते वय आईबापांच्या काटकोनात झोपतं, आणि उरलेल्या कोपऱ्यात आईबापांनी आपापली सोय बघायची.

हे आधी सांगायला घरात कुणीतरी अनुभवी माणूस हवा होता. पंचाईत अशी, की घरातला अनुभवी माणूस मीच होतो.

कॉलेजात असताना मी हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलोय, राजमाचीला उधेवाडीत कुणाच्या तरी पडवीत झोपलोय. लग्नाआधी हे सगळं मी सायलीला इतक्यांदा ऐकवलं, की हा माणूस रानात सोडला तरी जगेल असा तिचा समज झाला. लग्नानंतर मला गॅसचा सिलिंडर जोडताना बघून तो समज गेला, पण तसं ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. त्यामुळे इरा अडीच वर्षांची झाल्यावर ‘मुलीला निसर्ग दाखवला पाहिजे’ असं मी जाहीर केलं, तेव्हा माझी इभ्रत कागदोपत्री शाबूत होती. इरानं तोवर निसर्गापैकी झुरळ आणि सोसायटीचं मांजर पाहिलं होतं.

मी एक्सेल उघडलं. आयटीतला माणूस घाबरला की एक्सेल उघडतो. पहिला रकाना ‘ठिकाण’.

माझ्या मनात भंडारदरा होतं. मेअखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत तिथल्या हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या, जांभळीच्या झाडांवर काजव्यांची अशी गर्दी होते, की अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. सायलीनं शांतपणे विचारलं, “काजवे किती वाजता?”

“अंधार पडला की. आठ-साडेआठनंतर रंगत येते.”

“आणि ही किती वाजता झोपते?”

“आठ.”

“मग काजव्यांना आपण हिचं रडणं दाखवायला न्यायचं का?”

शिवाय शनिवार-रविवारी तिथं मोटारींची जी रांग लागते, तिच्यात काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त बघायला मिळतात. भंडारदरा खोडलं. हरिश्चंद्रगडाला “पाठीवर कोण घेणार?” एवढ्या एका प्रश्नात खाली उतरवलं. उरलं पवना. डिसेंबर, धरणाचं निळं पाणी, समोर तुंग, मागं तिकोना. पण काठावरचे ते रांगेत मांडलेले तंबू, मधोमध गिटारवाला, शेकोटी आणि रात्री दोनपर्यंत स्पीकर, हे नको असं माझं तत्त्व होतं. सायलीचा मुद्दा साधा होता: तंबू आणि पाणी यांच्यात कुंपण नाही, आणि इरा झोपेत चालत नसली तरी जागेपणी पळते. मग तिची अट ठरली: डॉक्टर अर्ध्या तासावर, संडास अर्ध्या मिनिटावर. या दोन्ही मापांत बसणारं एक शेत तिकोन्याच्या बाजूला, पाण्यापासून बरंच वर, एका ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडे निघालं.

आईला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. “उघड्यावर झोपायला आपलं घर कुठं गेलंय का?” तिनं विचारलं. थोड्या वेळानं म्हणाली, “मीही येते. पोरीला तुम्हा दोघांच्या भरवशावर सोडायची नाही मला.” म्हणजे तंबूत खरोखरच चार माणसं झाली.

गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत आई दर आषाढात दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालत जायची. पण वारीचा आणि कॅम्पिंगचा काही संबंध असेल असा रकानाच माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

मग खरेदी. डासांसाठी मी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेलं लेमन युकॅलिप्टसचं तेल आणलं आणि मोठ्या अभिमानानं इराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हे तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं म्हणाले. ज्या रसायनाच्या नावानं मी दचकत होतो, ते डीट असलेलं मलम मात्र तीस टक्क्यांच्या आतलं असेल तर या वयाला चालतं; फक्त हातांना लावू नका, हात तोंडात जातात. “आणि कितीही गारठलात तरी तंबूत शेगडी न्यायची नाही,” त्यांनी बजावलं, “कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.” नैसर्गिक तेल मी अजून जपून ठेवलंय. इरा तीन वर्षांची होईल तेव्हा ते संपलेल्या तारखेचं असेल.

रंगीत तालीम सोसायटीच्या गच्चीवर झाली. वॉटरप्रूफिंगमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चार कोपऱ्यांना कुंड्या ठेवल्या. फायबरच्या काड्या एकमेकींत बसवून वाकवायच्या असतात. मी वाकवली ती सुटली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन वाजली. त्या आवाजानं सेक्रेटरीकाका वर आले. “हे तात्पुरतं बांधकाम आहे की कायमस्वरूपी?” त्यांनी विचारलं. तात्पुरतं आहे म्हटल्यावर अर्ज द्या म्हणाले.

तोवर इराला चेन सापडली होती. तंबूची चेन अर्धवर्तुळात उघडते, हे तिच्या आयुष्यातलं तोवरचं सर्वांत मोठं आश्चर्य. उघड, मीट, उघड, मीट. मग ती आत गेली, आतून चेन ओढून घेतली आणि जाळीतून म्हणाली, “बाबा, तू बाहेर.” निसर्गाचं काम खरं तर इथंच झालं होतं. पण माझा रकाना अजून भरायचा होता.

सामानाचं सगळं सांगत बसत नाही. इराचं पॉटीचं बदक तेवढं सांगायला हवं. पिवळ्या प्लास्टिकचं, चोचीला धरायला मूठ असलेलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही आसनावर ती बसायला तयार नव्हती, त्यामुळे बदकाला डिकीत नाही, मागच्या सीटवर जागा मिळाली. आईनं आपली एक पिशवी भरली. तीत मेतकूट, तूप, सुंठ, जायफळ आणि जायफळ उगाळायला दगडी सहाण. “आई, सहाण? आपण वजन कमी करतोय,” मी म्हटलं. “मग तुझी ती खुर्ची काढ,” ती म्हणाली. खुर्ची निघाली.

पौडवरून कोळवणमार्गे रस्ता वळणावळणाचा आहे. कितव्या वळणावर ते आठवत नाही, पण इरानं माझ्या स्लीपिंग बॅगेवर उलटी केली. सायलीच्या नाही, आईच्या घोंगडीवर नाही. माझ्याच.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. भाताची कापणी होऊन गेलेली. समोर एक खाचर: सपाट, मऊ, चहूबाजूंनी बांध, वाऱ्याला आडोसा. एवढी सुरेख जागा या लोकांनी मोकळी कशी सोडली, याचं मला नवल वाटलं. वरच्या तुकड्यात हरभरा डुलत होता. मी खाचराच्या मधोमध तंबू अंथरला आणि धरणावरच्या वाऱ्यानं वरचं कापड उचलून हरभऱ्यात नेऊन टाकलं. ते आणायला मी धावलो. परत आलो तर दुसऱ्या बाजूचं उडालं होतं.

आईनं पदर खोचला. “वाऱ्याकडची बाजू आधी ठोक. खुंटी सरळ नाही, तिरकी, ताणाच्या उलट. आणि ते कापड उलटं आहे.”

“तुला कसं माहीत?”

“राहुटीत काय खुर्च्यांवर झोपत होतो आम्ही?”

मग कळलं. दिंडीतले लोक चालत असतात तेव्हा सामानाचे ट्रक पुढं जातात, मुक्कामाच्या माळावर राहुट्या उभ्या राहतात, आणि तेही आषाढाच्या पावसात. आईला राहुटी ठोकणं, सोडणं, चिखलात मेणकापड अंथरणं सगळं पाठ होतं. तिनं तंबूभोवती एक फेरी मारली, पायानं माती चाचपली आणि म्हणाली, “अरे, हे खाचर आहे.”

“हो, किती सपाट आहे बघ.”

“पाणी साठावं म्हणून सपाट केलेलं असतं ते.”

“आई, डिसेंबर आहे.”

“वरच्या अंगाला चर मार.”

डिसेंबरात कोरड्या खाचरात चर खणणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते सायलीच्या फोनमध्ये आहे. शेतमालकांनी कुदळ दिली, तोंडानं काही बोलले नाहीत, पण बराच वेळ बांधावर उभे राहिले. आई मापं सांगत होती. वीतभर खोल, उताराला तोंड, माती तंबूच्या बाजूला.

जेवण झालं: मऊ भात, मेतकूट, तूप. अंथरुणं पडली. माझ्या स्लीपिंग बॅगेवर ‘शून्य अंश’ लिहिलेलं होतं, पण ती धुऊन बांधावर वाळत होती. शिवाय थंडी वरून येते हा आपला गैरसमज. अंगाखाली दबलेल्या कापसात हवा राहत नाही, आणि जमीन रात्रभर खालून ऊब ओढत बसते. आईनं घोंगडी अंगाखाली घेतली होती आणि पाचव्या मिनिटाला घोरत होती.

इरानं तंबूचं छत नीट न्याहाळलं. मग विचारलं, “पंखा?”

“पंखा नाही गं इथं. थंडी आहे ना?”

“पंखा लाव.”

जन्मल्यापासून ही मुलगी छतावरच्या पंख्याच्या घरघरीत झोपलेली. बारा महिने. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता, कारण घरी तो असतोच. मी ताटलीनं वारा घातला. नको होता, तिला आवाज हवा होता. मी तोंडानं पंखा झालो. सायलीनं फोनवर पंख्याचा आवाज शोधला, तर रेंज नाही. मी तारे दाखवले, “ते लाव” म्हणाली. साडेआठ, साडेनऊ, साडेदहा. शेजारच्या कुत्र्यानंही मला उत्तर देणं बंद केलं, इतका वेळ मी पंखा होतो.

मध्यरात्री कुठंतरी खट्ट झालं आणि एक खोल, संथ घरघर सुरू झाली. इराचे डोळे जड झाले. “पंखा लागला,” ती म्हणाली आणि त्याच क्षणी झोपली, काटकोनात.

मी देवाचे आभार मानले. देव नव्हता, मोटर होती. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटरला ऑटो बसवलेला असला की वीज आल्याबरोबर ती आपापली चालू होते, मालक घरी झोपलेले असले तरी. पाणी दांडानं हरभऱ्याला जातं. जायला हवं. पण दांडाला खेकड्यानं भोक पाडलेलं असेल, तर पाणी वाट सापडेल तिकडं जातं, आणि खाचराएवढी सोयीची वाट दुसरी कुठली?

आवाज आधी आला. गवतातून काहीतरी सरपटावं तसा. मी टॉर्च मारला, तर चकाकणारी एक जीभ आमच्याकडे येत होती. घरातल्या अनुभवी माणसानं अशा वेळी बाहेर उडी घ्यायची असते. मी चेन ओढली. चेनीत आईच्या शालीच्या दशा अडकल्या. मी आणखी जोर लावला, मूठ निघून हातात आली.

“आई! पाणी!”

“चर आहे ना,” आई डोळे न उघडता म्हणाली, “झोप.”

मी जाळीला नाक लावून बसलो. पाणी चरापाशी आलं, जरासं थबकलं, चर भरला आणि मग मुकाट डावीकडे वळून उताराला लागलं. पहाटेपर्यंत ते तसंच वळत राहिलं आणि मी बघत राहिलो, कारण बाहेर जायची सोय नव्हती.

उजाडताना छतातून माझ्या कपाळावर थेंब पडले. “गळतोय!” मी ओरडलो, आवाजात थोडं समाधानही असेल. पण तेही तसं नव्हतं. थंडी लागेल म्हणून वरच्या खिडक्या मीच घट्ट बंद केल्या होत्या. चौघांचा रात्रभराचा श्वास गार कापडावर जमला होता, आणि तो आता परत येत होता.

शेतमालकांनी कात्रीनं शालीच्या दशा कापून आमची सुटका केली. चर बघून आईला म्हणाले, “आज्जी, बरं झालं तुम्ही होता.” मग माझ्याकडे वळून, “दादा, तुम्ही चहा घेणार का?” इरा भर खाचरात, तिकोन्याकडे तोंड करून बदकावर बसली होती. दोन्ही हातांनी चोच धरून. गडकिल्ल्यांचं तिचं निरीक्षण बराच वेळ चाललं. ते आटोपल्यावर तिनं विचारलं, “मोटर कुठे?” आणि मग तासभर आम्ही विहिरीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून मोटर बघत होतो. तुंग राहिला, धरण राहिलं.

पुढची सहल आईनं ठरवली आहे. ज्येष्ठात माउलींची पालखी निघाली की सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. त्यातली एक रात्र तिच्या जुन्या दिंडीच्या राहुटीत, इराला घेऊन. एक्सेल वगैरे काही नाही; कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या मागं यादी लिहून तिनं फ्रिजवर लावलीय. इरा आणि सायली आजीबरोबर. मेतकूट, तूप, सहाण, घोंगडी पिशवीत. खाली माझं आणि बदकाचं नाव एकाच ओळीत आहे, आणि पुढं लिहिलंय, ‘सामानाच्या ट्रकमध्ये’.