पलंगाखालची पागा

ज्यांच्या पदरी तीन हजारांची फौज आहे, परंतु त्यांपैकी अडीच हजारांच्या अंगावरून अद्याप रंगाचा हात फिरलेला नाही. ज्यांनी निवृत्तीनंतर एकामागून एक मोहिमांचे बेत आखले, परंतु कुटुंबाने पलंग झाडावयास काढला की ज्यांना आपला सारा मुलूख तासाभरात खाली करून द्यावा लागतो. आणि ज्यांच्याकडे बाजीरावाविषयी दोन शब्द ऐकावयास जावे तर जे बाजीरावाच्या घोड्याच्या खोगिरापाशीच थांबतात, अशा गृहस्थांची एक जमात अलीकडे आपल्याकडेही नांदू लागली आहे. विलायतेत ती जुनी आणि प्रतिष्ठित आहे. आमच्या बुलढाण्यास तिचा एकच नमुना उपलब्ध असून गाव त्यास ‘सरलष्कर’ म्हणते. ही पदवी गावाने थट्टेने दिली. त्यांनी ती सनद म्हणून स्वीकारली.

सरलष्कर हयातभर एका सरकारी कचेरीत नाझर होते. खुर्च्या, टेबले, कुलपे, कंदील आणि शिक्के यांची मोजदाद करण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्या हाती म्हातारपणी प्लॅस्टिकचे शिपाई आले म्हणजे त्यांचे दप्तर कसे राहील, याची कल्पना वाचकांनी करावी. प्रत्येक पेटीची आमद तारखेनिशी नोंदलेली. स्वार किती, पायदळ किती, भाला मोडलेले किती, तळाची चकती हरवल्यामुळे उभे राहण्यास नालायक किती, याची खतावणी वेगळी. घोडी सारी सरकारी निवृत्तिवेतनातून खरीदलेली असल्यामुळे आपल्या फौजेत सगळे बारगीर आहेत, शिलेदार एकही नाही, असे ते गंभीरपणे सांगतात.

हे शिपाई म्हणजे यात्रेत मिळणारी हिरवी बाहुली नव्हेत, एवढे मात्र त्यांच्या वतीने स्पष्ट केले पाहिजे. बहात्तरास एक या प्रमाणात घडविलेला पुरुषभर मनुष्य सुमारे २४ मिलिमीटर भरतो, आणि त्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याहून मोठा नसतो. तो प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेला येतो. त्यास पात्याने सोडवावयाचे, साच्याचे तेल जावे म्हणून साबणाच्या पाण्याने न्हाऊ घालावयाचे, अस्तराचा हात द्यावयाचा, आणि मग घड्याळजीचे भिंग डोळ्यास लावून तीन शून्यांच्या कुंचल्याने त्या दाण्यावर दोन डोळे उमटवावयाचे. डोळे काढताना सरलष्कर श्वास रोखून धरतात आणि घरच्यांनीही तो रोखावा अशी अपेक्षा करतात. प्लॅस्टिक मऊ असले तर एवढा खटाटोप करूनही भाला वाकताच रंगाचे पोपडे निघतात, आणि स्वार पुन्हा बिनरंग्यांच्या पथकात दाखल होतो.

या छंदाची वंशावळ विचारण्याची चूक कोणी करू नये, कारण ती सांगताना ते चहा थंड होऊ देतात. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९५९ साली या मापाचे पहिले प्लॅस्टिकचे शिपाई काढले, ते चक्क वाजंत्रीवाले होते. लढणारे मागाहून आले. त्याआधी कथील-शिशाचे शिपाई होते. कादंबरीकार वेल्स याने त्यांच्या लढाया दिवाणखान्यात कशा खेळाव्यात याचे नियम १९१३ साली पुस्तकरूपाने छापले, आणि लगेच पुढच्या वर्षी युरोपातील बादशहांनी तोच खेळ खऱ्या माणसांनिशी सुरू केला. त्याहीपूर्वी प्रशियाच्या सेनेने नकाशावरील युद्धक्रीडा अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली, ती १८२४ मध्ये. हा सन उच्चारताना सरलष्कर क्षणभर थांबतात, कारण त्यातून शंभर वजा केले की ते आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचतात.

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्डा येथे निजामउल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची गाठ पडली. खान पडला, निजाम दख्खनेत स्वतंत्र झाला, पुढे सव्वादोनशे वर्षे चाललेल्या एका राज्याचा पाया आमच्या या काळ्या मातीत घातला गेला, आणि विजयाच्या भरात निजामाने गावास फत्तेखेडा असे नाव दिले, जे गावाने फारसे मनावर घेतले नाही. बाजीराव पेशवे त्या प्रसंगी निजामाच्या बाजूस होते, ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. सरलष्करांचा उतरत नाही, कारण त्यांचा जीव जयपराजयात नसून पागोट्याच्या पेचात असतो. त्रिशतसांवत्सरिक निमित्ताने २०२४ मध्ये ही लढाई चौरंगावर मांडावयाची, असा त्यांचा संकल्प होता.

आता अडचण अशी की, साखरखेर्ड्याची फौज कोणी बनवीत नाही. पोलादी साच्याचा खर्च हजारो पेट्या खपल्यावाचून भरून निघत नाही, आणि हजारो पेट्या खपतात त्या नेपोलियनच्या. नॉटिंगहॅम शहरात या धंद्याची पेठ आहे. तेथून नव्या मालिकेची वार्ता आली की सरलष्कर ‘या खेपेस मराठे असतील’ म्हणून दोन रात्री जागतात, आणि तिसऱ्या दिवशी कळते की या खेपेसही फ्रेंचच निघाले, फक्त त्यांनी आता हिवाळी डगले घातले आहेत. तरीही ते पेटी मागवितात. ‘असईला शिंद्यांच्या कंपूवर हानोव्हरचा पोलमन होताच की,’ अशी समजूत ते स्वतःची घालतात, आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडील त्या १८०३ च्या रणांगणाच्या नावावर आणखी चाळीस माणसे पलंगाखाली भरती होतात. पार्सल मलकापुराहून राजूर घाट चढून येते. आणणारा पोऱ्या ते कानाशी हलवून विचारतो, ‘‘भाऊ, काय मागवून राह्यले? लय खुळखुळते.’’ ‘‘ऐतिहासिक साधने,’’ असे उत्तर त्यास मिळते. हे खेळणे नव्हे, असे गावभर पटवून देत आलेल्या या गृहस्थास सीमाशुल्क खात्याने मात्र दाद दिली नाही. २०२३ मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क ७० टक्के झाले, आणि ते त्यांना खेळणी म्हणूनच भरावे लागते.

मुबारिजखानाच्या हत्तीची कथा तर स्वतंत्र बखरीस योग्य आहे. खान हत्तीवर होता, हत्ती हवाच, आणि बाजारात या मापाचा लढाऊ हत्ती मिळाला तो हॅनिबलचा. तो आफ्रिकेचा. त्याचे कान सुपाएवढे, आणि पाठ मध्येच खोलगट. सरलष्करांनी पात्याने दोन्ही कान कातरून दख्खनी मापावर आणले, पाठीचा खळगा एम-सील भरून उंचावला, कपाळावर दोन उंचवटे चढविले, आणि या शस्त्रक्रियेस श्रावण पुरला. कार्थेजचा माहूत उतरवून त्या जागी नेपोलियनचा एक ढोलवाला बसविला, त्याची टोपी घासून पागोटे केले. पाहणाऱ्यास शंका येत नाही. फक्त माहुताचे हात अजून ढोल बडविण्याच्या पवित्र्यात आहेत.

परंतु या सर्वांहून त्यांचा जीव ज्यावर आहे, तो इसम कोणत्याच कंपनीच्या पेटीत नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना पंचवीस बारगिरांमागे एक पखाल आणि एक नालबंद नेमल्याचे आले आहे. सरलष्करांनी हा नियम साखरखेर्ड्यासही लागू केला. (तेथील दोन्ही फौजा मुळात मोगली होत्या, ही हरकत आम्ही घेतली होती, ‘घोड्याला तहान लागते ना?’ एवढ्यावर ती फेटाळली गेली.) दरसाल १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवाला ते सिंदखेडराजास जातात, लखुजी जाधवांच्या वाड्याबाहेर लागलेली दुकाने एकेक करून धुंडाळतात, आणि तलवार उपसलेल्या मूर्तींच्या ओळीमागे कोठे एखादा पखालजी आहे काय, असे विचारतात. दुकानदार त्यांना भिस्त्याचे घर दाखवितो. अखेर त्यांनी स्वतःच काडेपेटीच्या काडीभोवती लांबी चढवून पखालजी घडविले: पाठीत वाकलेले, खांद्यावर चामड्याची पखाल, तोंड बांधलेले. अडीच हजार योद्धे बिनरंगी पडले असता रंगून तयार असलेली पहिली तुकडी ही पाणक्यांची आणि नालबंदांची आहे. ज्याने तीस वर्षे साहेबांच्या दौऱ्याआधी जाऊन घागरी आणि सतरंज्या मोजल्या, त्यास इतिहासात आपले भाऊबंद कोठे सापडावेत, हे निराळे सांगावयास नको. आणि आमच्या मते तो लष्करी इतिहास पुष्कळ सेनापतींहून अधिक जाणतो.

त्रिशतसांवत्सरिक आले, आणि ऑक्टोबरच्या आधी भाद्रपद आला. महालक्ष्म्यांच्या पुढे आरास मांडण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि सरलष्करांच्या घरची आरास हा बाईंचा, म्हणजे त्यांच्या कुटुंबाचा, मुलूख. दिव्यांच्या माळा, लाकडी फळे, चिनी मातीची बदके यांना मोहल्ला कंटाळला असल्याने त्यांनी चौरंगावरील साखरखेर्डा सरसकट उचलून देवीपुढे मांडला. निजाम आणि मुबारिजखान यांच्या फौजा एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. बाईंनी त्या सगळ्या वळवून महालक्ष्म्यांकडे तोंड करून उभ्या केल्या, त्यामुळे दोन्ही पक्ष एकत्र दर्शनास आल्यासारखे झाले. सवाष्णी जेवणार त्या जागी शस्त्र उगारलेला माणूस बरा दिसत नाही म्हणून खान अंबारीतून उतरला आणि तेथे हळदीकुंकवाची चिमुकली कोयरी चढली. हळदीकुंकवास आलेल्या बायांनी हत्तीचे फार कौतुक केले. ‘‘वहिनी, गजलक्ष्मीचा हत्ती कुठून आणला वो? अन् ढोलवालाबी बसवला वर!’’

सरलष्कर दारात उभे राहून हे सर्व पाहत होते. खानाच्या पदच्युतीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांची नजर पखालजींवर गेली; ते सारे बाईंनी पिछाडीहून काढून अगदी पहिल्या रांगेत, तोफांच्याही पुढे, आणून ठेवले होते.

‘‘अहो, ही माणसे पिछाडीला असतात,’’ ते कळवळून म्हणाले. ‘‘तोफेच्या तोंडी पखालजी कोण देतं?’’

‘‘एवढ्या जत्रेत हातात पाणी घेतलेले तेवढेच दिसले मला,’’ आंबिलीचे पातेले उतरवीत बाई म्हणाल्या. ‘‘देवीपुढे रिकाम्या हाताचे उभे करू का?’’