दिव्याखाली खड्डा

नंदुरबार जिल्ह्यात नगरपालिका चार: नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर. शिवाय धडगावची नगरपंचायत. यातलं आमचं गाव कुठलं ते मी सांगणार नाही. पलीकडच्या जिजींशी माझी भिंतीवरून विरजणाची, कढीपत्त्याची आणि बातम्यांची रोजची देवघेव आहे, ती मला मोडायची नाही. आणि जिजींचे यजमान नाना पालिकेतून निवृत्त झालेले. पेन्शनच्या कागदासाठी त्यांना अजूनही त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा चारातलं कुठलंही समजा. फारसं बिघडत नाही.

विषय निघाला बिबड्यांवरून. जिजींनी खाटेवर वाळत घातलेला एक बिबडा माझ्यासमोर धरला.

"बघ व माय. हा ज्वारीचा आहे की मुरमाचा, तूच सांग."

गल्लीतला रस्ता नळाच्या पाइपासाठी उकरून तसाच बुजवलेला. एखादी रिक्षा गेली तरी अर्धी गल्ली धुळीत. वर खांबाला मात्र नवा एलईडी.

"लख्ख उजेड," जिजी म्हणाल्या. "कुठला खड्डा किती खोल ते आता रात्रीसुद्धा दिसतं. दिव्याला पैसा आहे, रस्त्याला नाही. आणि ते परवा आणलं ते काय, सोंडेचं?"

"जेटिंग मशीन," ओट्यावरून नानांचा आवाज आला. पेपर खाली झाला नाही. "तुंबलेली गटार पाण्याच्या दाबानं मोकळी करतं."

"मग करत का नाही?"

"ड्रायव्हर नाही."

हे ऐकून मी कढीपत्ता खाली ठेवला. नाना एरवी फार बोलत नाहीत, पण पालिकेचा पैसा हा विषय निघाला की पेपराची घडी होते. सुरुवात त्यांनी जकात नाक्यावर कारकून म्हणून केली. मिरचीचा हंगाम आला की नाक्यावर ट्रकांची रांग, आणि रात्रीच्या रात्री रोकड मोजायची. 1999 मध्ये सरकारनं नगरपालिकांची जकात बंद केली आणि नाना एका आदेशानं नाक्यावरून उठून पाणीपुरवठ्याच्या टेबलावर आले.

"तेव्हापासून सगळं पालटलं, ताई," ते भिंतीशी येत म्हणाले. "जकात हा आपला पैसा होता. थोडा खाल्ला जायचा, नाही म्हणत नाही. पण जमा झालेल्या पैशातून आज पाइप घ्यायचा की खडी टाकायची, हे गावात ठरायचं. जकात गेली, तिच्या बदल्यात मुंबईहून सहायक अनुदान यायला लागलं. ते बहुतेक पगारातच जिरतं. घरपट्टी-पाणीपट्टी लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरतात, तीही नळ तोडायला माणूस आला तर."

"मी दरवर्षी भरते," जिजी.

"तू भरतेस. तुझा भाऊ भरत नाही."

हा विषय जिजींनी तिथंच सोडला.

माझा प्रश्न साधा होता. गटारीच्या यंत्राला पैसे आहेत, मग ड्रायव्हरला का नाहीत? नानांनी बोटं उघडली. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021 ते 2026 अशा पाच वर्षांचा. आपल्यासारख्या छोट्या शहरांना मिळणाऱ्या पैशातला 60 टक्के बंधित. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा स्वच्छता-कचरा यांवरच खर्चायचा. राहिलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार द्यायचे नाहीत, कार्यालयाचा खर्च भागवायचा नाही.

"म्हणजे स्वच्छतेच्या पैशातून यंत्र येतं," नाना म्हणाले, "पण ते चालवणारा माणूस त्या पैशातून येत नाही. माणूस घ्यायचा तर पालिकेच्या स्वतःच्या फंडातून. तो फंड म्हणजे तुमची-आमची घरपट्टी."

जिजी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माहेरून साडीसाठी पाकीट यावं, तसं. साडीच घ्यायची. घरात तेल संपलं असलं तरी."

"तस्संच," नाना. "आणि 31 मार्चच्या आत घ्यायची."

मी मार्चमध्ये पालिकेच्या आवारात अचानक उगवणाऱ्या घंटागाड्या आठवत होते. कुणी मागितल्या होत्या का, याचं उत्तर मिळत नव्हतं ते आता मिळालं. मागणी गल्लीतून निघत नाही, लेखाशीर्षातून निघते. हल्ली ही खरेदी जेम पोर्टलवर होते. पूर्वी दुकानदार बिल घेऊन मुख्याधिकाऱ्याच्या टेबलाशी बसायचा, आता तो संगणकाच्या पलीकडे बसतो. नाना म्हणतात, फरक एवढाच की चहा वाचला. मला हे पटत नाही. चार जणांचे दर एका पडद्यावर दिसणं ही लहान गोष्ट नाही. पण यंत्र हवं की नको हे पोर्टल विचारत नाही, एवढं त्यांचं खरं.

"आणि दिवे?" जिजी मूळ मुद्द्यावर आल्या. "ते कुठल्या पाकिटातले?"

दिव्यांची गोष्ट वेगळी आणि मोठी हुशारीची आहे. 5 जानेवारी 2015 ला केंद्रानं रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ईईएसएल या सरकारी कंपनीनं स्वतःच्या खर्चानं दिवे लावायचे, आणि विजेचं बिल कमी झालं की त्या बचतीतून पालिकेनं वर्षावर्षाला हप्ते फेडायचे, साधारण सात वर्षं. पुढं आपल्या राज्यातल्या शहरांनीही ही वाट धरली. नानांनी मला पेपरच्या कडेवर हिशेब मांडून दाखवला. जुनी ट्यूब चोकसकट धरून खांबामागे 30 वॅट वाचले, रात्रीचे 11 तास, खांब 1000. झाले रोजचे 330 युनिट.

"कागदावर सोनं आहे," ते म्हणाले. "पण यात एक मेख आहे. बचत तेव्हाच, जेव्हा आधीचं बिल भरलं जात होतं. जी पालिका बिलच थकवत होती तिची बचत कसली? तिला पूर्वी एक देणं होतं, आता दोन."

हे मला फार आवडलं. जिजींना नाही, त्यांना यात नानांच्या जुन्या साहेबांचा वास आला.

बिलावरून 2021 ची आठवण निघाली. थकबाकीपोटी राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली होती. मग सरकारनं सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरा. सरपंच खवळले: आधी पथदिव्यांचं बिल शासन भरत होतं, आता विकासाचा पैसा विजेत घाला म्हणता? जिजींचा भाचा तेव्हा सरपंच होता. त्यानं समाजमंदिराच्या फरशीचा आराखडा मांडून ठेवलेला. त्या साली त्याच्या फरशीचा उजेड पडला. "अंधार असता तर निदान फरशी तरी झाली असती," असं तो अजून म्हणतो, आणि रात्री गाडीवरून घरी येताना दिव्यांचे आभारही मानतो.

आता रस्ता. इथं नानांनी पेपर पूर्ण बाजूला ठेवला.

रस्त्याचा पैसा एका दारातून येत नाही. नगरोत्थान, विशेष रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधार, दलितेतर वस्ती सुधार, आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती. आपल्या जिल्ह्यात त्यावर आदिवासी उपयोजना. प्रत्येकाची मान्यता वेगळी, फलक वेगळा, फलकावरचा फोटो वेगळा. म्हणून एकाच रस्त्याचे तीन तुकडे तीन रंगांचे दिसतात. चौकापर्यंत काँक्रीट, पुढं पेव्हर ब्लॉक, आणि जिथं दोन योजनांची हद्द मिळत नाही तिथं मुरूम. आमची गल्ली त्या हद्दीवर आहे.

"आणि सगळे रस्ते पालिकेचे असतात असंही नाही," नाना म्हणाले. "लोक पालिकेला शिव्या देतात आणि खड्डा असतो सार्वजनिक बांधकाम खात्याचा. नवापुरावरून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग पालिकेनं कितीही ठराव केले तरी तिचा होणार आहे का?"

यावर मी जळगावची गोष्ट काढली, कारण खान्देशात रस्त्यांच्या मालकीवरून एवढी रंगलेली गोष्ट दुसरी नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, 1 एप्रिल 2017 पासून. आता दुकान हलवणं अवघड, त्यापेक्षा महामार्गच हलवलेला बरा. तो कागदावर हलतो. जळगाव शहरातले सहा रस्ते एका फटक्यात अवर्गीकृत होऊन महापालिकेच्या गळ्यात पडले. रस्ता तोच, दुकान तेच, फक्त खडी-डांबराचा खर्च आता कर्जात बुडालेल्या पालिकेचा. लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले. आणि जुलै 2017 मध्ये न्यायालयानंच खुलासा केला की ही बंदी शहरांच्या हद्दीत लागू नाही. म्हणजे एवढी धावपळ ज्यासाठी केली ते तीन महिने बसून राहिले असते तरी झालं असतं.

जिजींनी पदर तोंडाला लावला. हसायचं असलं की त्या तसं करतात. "दारूसाठी रस्ता देतात, आणि रस्त्यासाठी काय द्यावं लागतं?"

"पंतप्रधान," नाना म्हणाले.

हा टोला शहादा तालुक्यातल्या टेंभलीवर होता. 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार कार्ड तिथं दिलं गेलं. मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी दोघेही आले होते. त्याआधी टेंभलीच्या रस्त्यांवर आणि दिव्यांवर जी लगबग झाली, ती पाहायला आजूबाजूच्या गावांतले लोक मुद्दाम जात होते. नानांचं म्हणणं, त्या दिवसांत एकही अधिकारी 'निधी कुठल्या शीर्षाखाली' हे विचारत नव्हता. तेव्हा पैसा अडतो तो पैशामुळे नाही.

"मग कशामुळे?" मी विचारलं.

नाना एकदम हळू बोलायला लागले, जणू गल्लीत मुख्याधिकारी उभे आहेत. "क्रमामुळे, ताई. आधी जमिनीखालचं काम: नळ, गटार. मग रस्ता. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण नळाची योजना एका खात्याकडून मंजूर होते, रस्ता दुसऱ्याकडून. रस्त्याचा निधी आधी आला, तर 'परत जाईल' या भीतीनं आधी रस्ता. वर्षाच्या आत नळाचा निधी आला की त्याच रस्त्यावर जेसीबी. मी टेबलावर असताना एकदा लिहून दिलं होतं, पाइप आधी टाका. साहेब म्हणाले, नाना, तुमचं बरोबर आहे, पण मार्च आहे."

काँक्रीट फोडल्यावर जी पट्टी भरली जाते ती कधीच मूळ रस्त्याशी बसत नाही, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला कमरेतून ठाऊक आहे. त्यात निविदा पंधरा-वीस टक्के बिलो भरलेली. दरसूचीपेक्षा इतकं कमी कसं परवडतं याला नानांचं उत्तर: परवडत नाही, जाडीतून काढतात. अशा कमी दराच्या ठेकेदाराकडून जादा अनामत घेण्याचा नियम आहे, दोषदायित्वाची मुदत आहे, त्या मुदतीत बिघडलेला रस्ता त्यानं फुकट दुरुस्त करायचा आहे. फक्त ती मुदत कधी संपते हे गल्लीत कुणाला माहीत नसतं. ते फलकावर लिहिलेलं असतं. आमच्या इथल्या फलकाला सध्या म्हैस बांधलेली असते.

आता म्हणे दिवस बदलले आहेत. काही वर्षं पालिकांवर प्रशासक होते. बाई-माणसानं गाऱ्हाणं सांगायचं तर सांगायचं कुणाला, हाच प्रश्न. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या बाई जिजींच्या मावसबहिणीच्या नणंदेची सून निघाल्या. हे नातं जिजींनी निकालाच्या दिवशी शोधून काढलं.

"येत्या सभेत तिला म्हणते, रस्ता मांड."

"विषयपत्रिका निघून गेली असेल," नाना म्हणाले. "आता आयत्या वेळच्या विषयात घ्यावं लागेल."

"ते काय असतं?"

"सभा संपत आली, लोक उठायला लागले, की जे वाचून 'मंजूर, मंजूर' करतात ते. यंत्रं बहुतेक त्यातूनच येतात." मग थोडं थांबून, "बेकायदा काही झालं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. 1965 च्या नगरपालिका कायद्यात 308 कलम आहे, ठराव थांबवता येतो. पण रस्ता होण्यासाठी कलम नाही."

जिजींनी खाटेवरचे बिबडे एकेक झटकून डब्यात भरायला घेतले. मुरमाचे वेगळे, ज्वारीचे वेगळे.

"तिला सांगते, घाईनं काँक्रीट करू नको. आधी तो नळाचा पाइप पुरा कर. मग गटार. तोवर त्या सोंडेला ड्रायव्हर बघ. मग रस्ता. होऊ दे उशीर."

"निधी परत गेला तर?"

"पुन्हा येईल. नाही तरी आलेला कुठं दिसतोय."

"आणि दिवा?" मी विचारलं.

"दिवा राहू दे. रस्ता रात्री करतात ना ते? किती जाडीचा घालतात ते मोजायला मी खुर्ची टाकून बसणार आहे. तुमच्या नानांची फूटपट्टी आहे घरात, पालिकेचीच आहे."

नाना पुन्हा पेपरमागे गेले.