माघारीचे ठाणे

जुन्या वास्तू पाहावयास जाताना सोबतीस इतिहासज्ञ न्यावा की सेवानिवृत्त अव्वल कारकून, असा प्रश्न कोणी मला टाकलाच, तर मी निःसंकोचपणे कारकुनाच्या बाजूने कौल देईन; कारण पडक्या बांधकामात इतिहासज्ञास गतवैभव दिसते, परंतु उभी हयात महसूल खात्यात घालविलेल्या आमच्या तात्यासाहेबांना, खंडाळ्याखालचे ओसाड ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ दृष्टीस पडताच, पहिली शंका आली ती ही : “ही जमीन सध्या कोणाच्या दप्तरी आहे हो?”

बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. सुमारे 16 मैलांत 1,800 फुटांहून अधिक चढ, 25 बोगदे आणि 8 मोठे पूल, असा जेम्स बर्कले या अभियंत्याचा तो अचाट कारभार. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली हिंदुस्थानात पाऊल ठेवून थोड्याच दिवसांत निवर्तले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिसबाईंनी डोळे पुसून, जाणत्या अभियंत्यांच्या हाती काम सोपवून, मक्ता तडीस नेला. मात्र डोंगराच्या एका सोंडेवर गाडीला वळसा घ्यावयास जागाच उरेना. म्हणून बर्कलेसाहेबांनी अशी तजवीज केली की, गाडी सोंडेवर आणून उभी करावी, इंजिन सोडवून शेपटाकडे जोडावे आणि दुसऱ्या रुळांवरून तिला उलट्या तोंडाने वर चढवावी. परिणामी, कर्जतेस दोघांना ढकलून इंजिनाकडे तोंड असलेली जागा पटकावणारा गृहस्थ खंडाळ्यास पाठमोरा पोहोचे, आणि शेवटच्या डब्यातील मंडळी अनायासे पुढारी होत.

“यात नवल ते काय?” तात्यासाहेब म्हणाले, “आमच्या कचेरीत प्रत्येक प्रकरण असेच वर जाई. मामलेदाराकडून प्रांताकडे, प्रांताचा शेरा घेऊन पुन्हा खाली, मग पुन्हा वर. अंतर इतकेच, की आगगाडी मुक्कामास पोहोचत असे.”

रूळ केव्हाच उखडून नेलेले. पण काळ्या पाषाणाच्या कमानीवर टाकीचे घाव अजून इतके स्वच्छ, की पाथरवट न्याहारीस उठून गेला असावा. तात्यासाहेबांनी छत्रीने मोजणी आरंभली व सरकारी जागेत करवंदीच्या जाळ्यांनी अतिक्रमण केल्याचे जाहीर करून, पंचनाम्यासाठी म्हणून मूठभर ‘पुरावा’ हस्तगत केला. तो पंचनामा होण्यापूर्वीच नष्ट झाला. शेळ्या राखणारा एक वृद्ध धनगर हे सारे कौतुकाने पाहत होता.

“बाबा, गाडी इथून माघारी का फिरत असे?” तात्यांनी चौकशी केली.

“वर जायला,” तो म्हणाला, आणि आम्हां दोघांच्या शिक्षणाविषयी काय तो अंदाज बांधून शेळ्यांकडे वळला.

पुढे विजेच्या गाड्यांसाठी घाटात नवा मार्ग निघाला आणि 1929 च्या सुमारास हे ठाणे बरखास्त झाले. आता कोणतीही गाडी येथे तोंड फिरवीत नाही. तथापि ज्यांचे अर्ज ‘फेरसादर करावा’ अशा शेऱ्यानिशी परत आले असतील, त्यांनी मनास लावून घेण्यापूर्वी एकवार ही जागा अवश्य पाहावी; मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी सुमारे 65 वर्षे येथे माघार घेऊनच घाट चढत होती.