माजघरातला दुसरा फोन

एडिसन, न्यू जर्सी
२२ जुलै २००१

ती. बाबा आणि ती. आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

ई-मेलच्या जमान्यात सून टपालानं पत्र का धाडते, असं पोस्टमननं विचारलंच तर त्याला सांगा, ई-मेल कसा उघडायचा तेच या पत्रात लिहिलंय. आम्ही महिनाभर काही कळवलं नाही, अशी तुमची तक्रार यांच्या कानावर आली. कळवलंय हो, भरपूर कळवलंय. ते सगळं तुमच्या मेलबॉक्सात चिऊच्या उष्टावणाच्या फोटोंमागे रांगेत उभं आहे.

यांनी हौसेनं चार फोटो एकाच मेलमध्ये कोंबले. तीन एमबी. मेलमधून जाताना फोटोची अक्षरं करावी लागतात, त्यात तो तिसऱ्या हिश्श्यानं फुगतो, म्हणजे झाले चार. भंडाऱ्यात सेकंदाला तीन केबी उतरले तरी बावीस-तेवीस मिनिटं हवीत, आणि तुमची लाइन दहाव्या मिनिटाला तुटते. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही पाठवलेल्या चिन्नोरच्या भाताचा घास महिनाभर पोरीच्या तोंडापर्यंत पोचलेलाच नाही.

त्यातच संजूभाऊजींनी फोनवर सांगितलं, "वहिनी, आपला स्पीड एक लाख पंधरा हजार दोनशे!" ती रात्र यांनी जागून काढली. कारण आमचा स्पीड सव्वीस हजार चारशे. अमेरिकेत राहून! खोक्यावर छापलंय छप्पन्न हजार. पण फोनच्या तारेत किती जोर सोडायचा याचा इथे सरकारी नियम आहे, त्यामुळे त्रेपन्नाच्या वर कुणालाच मिळत नाही. आमच्या वस्तीत तर एकेका तारेवर दोन-दोन घरं बसवलीत, म्हणून आमचं गाडं सव्वीसावर अडलेलं. आळीत "पोरगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगता ना, तेव्हा हा आकडा कृपया सांगू नका.

मग कळलं, की भाऊजींचा लाखाचा आकडा कॉम्प्युटरपासून मोडेमपर्यंतचा आहे. विंडोज कधी कधी तोच दाखवतं. घरातून स्टँडवर धावत जायचं आणि साकोलीच्या एसटीची वाट बघत उभं राहायचं, त्यातलं धावणं तेवढं त्यांनी मोजलं. हे कळल्यावर यांना जी शांत झोप लागली, ती पगारवाढीच्या दिवशीसुद्धा लागली नव्हती.

रात्री जेवण झालं की हे मोडेमला मंत्र द्यायला बसतात. प्रत्येक मंत्र 'एटी'नं सुरू होतो, म्हणजे 'अटेन्शन', एनसीसीतल्यासारखं. ही भाषा हेज नावाच्या कंपनीनं १९८१ साली आपल्या मोडेमसाठी काढली. ती कंपनी दोनेक वर्षांपूर्वी मोडीत निघाली, पण जगातले मोडेम अजून तिच्याच हुकमावर दचकून उठतात. 'एम'पुढे शून्य लिहिलं की मोडेमचं किंचाळणं बंद होतं. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातला कामाचा मंत्र तेवढा एकच, चिऊ झोपते.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. इथे बोलत असताना दुसरा फोन आला की मध्येच 'टुक' वाजतं आणि इंटरनेट कोसळतं. म्हणून नंबराआधी स्टार सत्तर लावून ती सोय बंद करायची आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा. स्वल्पविराम दिसला की मोडेम दोन सेकंद थांबतो. तुम्ही अख्खी नोकरी पोरांना हेच शिकवण्यात घातलीत. पोरं थांबली नाहीत.

आता भाऊजींची कामं. जोडणीच्या खिडकीत 'सर्व्हर टाइप्स' उघडायचं, 'लॉग ऑन टू नेटवर्क'वरची खूण काढायची, नेटब्युई आणि आयपीएक्सवरचीही काढायची, टीसीपी-आयपी ठेवायचं. पासवर्ड दिल्यावर यंत्र उगाच ताटकळतं ते थांबेल. दुसरं म्हणजे, मोडेमला वेगाची हाव धरू द्यायची नाही. तुमच्याकडे पाऊस लागला की तारेच्या जोडात ओल शिरते, खरखर वाढते. मोडेम वरच्या वेगावर चढतो, अडखळतो, पुन्हा बोलणी करतो आणि शेवटी फोन ठेवून देतो. त्याला आधीच अठ्ठावीस हजारावर बांधून ठेवलं तर बरसातीतही टिकेल. त्याचा मंत्र मोडेमच्या चिपप्रमाणे बदलतो, म्हणून भाऊजींनी चिपवरचं नाव कळवावं. खोक्यावरचं नको, खोक्यावर सगळे शूरवीर असतात.

पण त्याआधी कानानं परीक्षा करा. फोन उचला, एक आकडा दाबा, डायल टोन थांबेल. आता ऐका. सामसूम असेल तर ठीक. पापड तळल्यासारखं ऐकू आलं तर मंत्रतंत्र विसरा आणि लाइनमनला बोलवा. बैठकीतल्या कॉम्प्युटरपर्यंत भाऊजींनी पडद्यामागून जी बेलची तार ओढली आहे ना, दोन ठिकाणी पीळ देऊन वर चिकटपट्टी, ती लाइनमन यायच्या आत काढा. तो बघेल तर सगळा दोष तिच्यावरच ढकलेल, आणि मला वाटतं बरोबरच ढकलेल.

आता नाजूक विषय. आई, रागावू नका. लाइन दहाव्या मिनिटाला तुटते ती फक्त पावसानं नाही. माजघरातला तुमचा पॅरलल फोन कुणी उचलला की बैठकीत सगळं संपतं. कुणी म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही. भाऊजी सांगत होते, दर दहा मिनिटांनी "झालं का रे बापा?" असं बघायला फोन उचलला जातो, आणि वर "अजून कॅर्र कॅर्रच करते" असा निकालही मिळतो. तो फोन काढायचं यांनी सुचवलं तर तुम्ही म्हणालात, "काहून काढू? माहेरून फोन आला तं कोन उचलन?" मुद्दा बिनतोड आहे. यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी तर सून, मी तुमच्याच बाजूनं आहे. म्हणून तह असा: फोन जागेवरच राहील, फक्त रात्री साडेनऊ ते दहा त्याची पिन काढायची. तेव्हा इथे दुपारचे बारा असतात, हे ऑफिसातून मेल पाठवतील.

ते चार फोटो मात्र काल यांनी इथूनच तुमच्या मेलबॉक्सात शिरून काढून टाकले. आता मागची सगळी पत्रं उतरतील, फोटो एकेक करून, लहान करून येतील. बाबा, पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो असं पेपरात वाचल्यामुळे तुम्ही तो पोटच्या पोराला सांगितला नाहीत. तुम्ही संजूभाऊजींना सांगत होतात तेव्हा आईंनी माजघरातून ऐकला होता.

तुमची,
सूनबाई

ता. क. लाखोळीची डाळ संपली. नागपूरहून कुणी येणार असेल तर किलोभर द्या.