डाळीच्या डब्यातला काळा पैसा

संसारात पैशाची गोपनीयता असावी का, यावर पुरुषवर्गाचं मत स्पष्ट आहे : असावी, पण बायकोची नको.

नवऱ्याने पगाराचा आकडा सांगितला नाही, तर ते 'घरच्यांना कशाला टेन्शन'. मित्राला परस्पर दिलेले पन्नास हजार म्हणजे व्यवहार. शेअर बाजारात बुडालेले दोन लाख म्हणजे दीर्घकालीन गुंतवणूक. बायकोने मात्र भाजीतून चार पैसे मागे टाकले की, 'माझ्यापासून लपवलंस?'

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि काळ्या पैशाच्या शोधात निघालेल्या सरकारला डाळीचे डबे सापडले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. प्राप्तिकर खात्याने सोडलं, नवऱ्यांनी नाही. त्याच डब्याने एरवी मुलीची फी आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निभावलं होतं, हा मुद्दा चौकशीच्या कक्षेत बसला नाही.

नवरे कंजूष असतात असं मात्र कुणी समजू नये. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली आणि समतेला बरे दिवस आले. सत्तर लाखांच्या फ्लॅटमागे सत्तर हजार वाचले, बाईसाहेब मालकीण झाल्या! कागद त्यांच्या नावाचे, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिचीच ठरवली खरी. पण त्या बिचाऱ्या कायद्याला घरातले पासवर्ड कुठे ठाऊक?

तिचं एटीएम कार्डही साहेबच सांभाळतात. 'तिला पैशातलं काही कळत नाही हो!' ज्या बँकेत ती कोट्यवधींची कर्जप्रकरणं तपासते, तिथे ही बातमी अजून पोचलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावीत. म्हणजे जोडीदाराला खरा हिशेब सांगण्याची सोय आपल्याकडे आहे. फक्त त्यासाठी आधी संसार मोडावा लागतो.

दोघांनी आपापलं खातं खुशाल ठेवावं. पण लग्नाच्या याद्या करताना मानपान, दागिने, पंगतीची पानं असं सगळं लिहून होतंच, तर त्यात या प्रतिज्ञापत्राचा एक कागद वाढवायला काय हरकत आहे? थोडी लग्नं मोडतील. हॉलचा अॅडव्हान्स देण्याआधी मोडलेली बरी.