बोक्यावरचा आळ

"वहिनी, तुमच्या बंड्याला आवरा हो! आमची काळी माळ्यावर व्याली, तीन पिल्लं. दोन महिन्यांपूर्वी पत्र्यावर तोच घिरट्या घालत होता, मी डोळ्यांनी बघितलंय."

"घालत असेल. पण बाप तो नव्हे, पैज लावा."

"बघा! आपला तो बाळ्या!"

"तसं नव्हे कमलताई. परवा त्याला नसबंदीचं विचारायला नेला होता. डॉक्टरांनी शेपूट उचलून दोनदा बघितलं. म्हणाले, तिरंगी आणि बोका? तीन हजारांत एखादा निघतो असा. आणि त्याला पोरं बहुधा होतच नाहीत."

"रंगाचा नि पोरांचा काय संबंध?"

"माझी भाची परळला व्हेटर्नरीला आहे ना, तिनं सांगितलं. काळं की नारिंगी, हे एक्स गुणसूत्रावर ठरतं. भाटीला एक्स दोन. एकावर काळा, दुसऱ्यावर नारिंगी असला, की प्रत्येक पेशीत दोनांतला एक झोपी जातो. म्हणून अंगावर गोधडीसारखी ठिगळं. हा झोपलेला एक्स सापडला तोसुद्धा मांजरीच्याच मज्जापेशीत. १९४९ साली, कॅनडात."

"आणि पांढरा?"

"त्याचं जनुक निराळं. पण बोक्याला एक्स एकच, मग काळा नि नारिंगी दोन्ही कुठून आणणार? म्हणजे बंड्याकडे एक एक्स जास्तीचा असणार. मांजरांची गुणसूत्रं ३८, याची ३९."

"अगंबाई! मग हा बोका म्हणायचा की भाटी?"

"बोकाच! वाय आहे ना त्याच्याकडे. दारात फवारे मारतो, रात्री मारामाऱ्या करतो. फक्त बीज तयार होत नाही."

"बिचारा!"

"बिचारा कसला? माशाचं डोकं दिसलं की पहिला हजर. जपानात तर असा बोका शुभ मानतात, खलाशी जहाजावर न्यायचे. १९५६ ला त्यांची अंटार्क्टिकाची मोहीम निघाली, तेव्हा असाच एक तिरंगी बोका सोबत होता, ताकेशी. मोहिमेच्या प्रमुखांचंच नाव दिलेलं त्याला!"

"इश्श! साहेब रागावले नाहीत?"

"ते जाऊ दे. पिल्लं कशी आहेत ते सांगा."

"एक बोका, काळाकुट्ट. दोन भाट्या, काळ्या-नारिंगी चट्ट्यापट्ट्यांच्या."

"मग सापडला की चोर! बोक्याला एक्स मिळतो आईचा, म्हणून तो काळा. लेकींना एक आईचा, एक बापाचा. तुमची काळी तर नखशिखांत काळी. मग नारिंगी आला कुठून?"

"बापाकडून... म्हणजे बाप नारिंगी! अहो, गल्लीत नारिंगी बोका एकच. सावंतांचा! पण तो तर दिवसभर सोफ्यावर लोळत असतो."

"आणि रात्री?"

"थांबा, त्या गॅलरीत कपडेच वाळत घालतायत. अहो सावंतवहिनी! पेढे कधी वाटताय? आजी झालात की!"