सेफ्टीकाका

शिडी दिसली की आपण वर बघतो. सेफ्टीकाका खाली बघतात. शिडीचे पाय कशावर टेकलेत, माती ओली आहे का, एका पायाखाली कुणी फळीचा तुकडा सरकवलाय का, आणि सरकवला असेल तर तो दिवटा कोण, हे त्यांना लांबूनच कळतं. मग ते कमरेवर हात ठेवून खणखणीत इंग्रजीत विचारतात, "हूज लॅडर इज धिस?" शिडी कुणाचीच नसते. हा प्रश्न ऐकल्यावर तर नसतेच नसते.

अटलांटाच्या एका उपनगरात शनिवारी सकाळी गरजू कुटुंबांसाठी घरं बांधायला जी हौशी मंडळी जमतात, त्यांत आम्ही काही मराठी आहोत. आम्ही 'सेफ्टीकाका' म्हणतो म्हणून अमेरिकन लोकही म्हणतात. त्यांना ते आडनाव वाटतं. हजेरीच्या कागदावर एका बाईंनी एकदा 'मिस्टर एस. काका' असं लिहिलं, आणि काकांनी ते दुरुस्त केलं नाही. त्याच कागदावर बाईंनी स्वतःचा 'आणीबाणीत कुणाला फोन करायचा' हा रकाना रिकामा सोडला होता, आणि काकांच्या मते दुरुस्त्या धोक्याच्या क्रमाने करायच्या असतात.

काकांची उमेदीची वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या सेफ्टी खात्यात गेली. तिथे दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन व्हायचा. छातीला बिल्ला, सामुदायिक शपथ, घोषवाक्य स्पर्धा, साहेबांचं भाषण आणि शेवटी सामोसा. घोषवाक्यात काकांना हरवणं कुणाला जमलं नाही. ५ मार्चला बाकीचे कामगार बिल्ला काढून कामाला लागत. काकांच्या कॅलेंडरात ५ मार्च अजून उजाडलेला नाही.

अशा माणसाला निवृत्तीनंतर अमेरिकेत नेमकी हीच जागा सापडावी, याला योग म्हणायचं. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' सुरू केली ती याच जॉर्जिया राज्यात, अमेरिकस नावाच्या लहानशा गावी. लोकांनी फुकट राबायचं, ज्याचं घर त्यानेही शेकडो तास घाम गाळायचा आणि परवडेल अशा हप्त्यांत कर्ज फेडायचं. आमची संस्था त्याच धाटणीची, आकाराने चिमुकली. घरं लाकडी सांगाड्याची. म्हणजे खिळे, करवती, शिड्या आणि छप्पर. काकांच्या भाषेत, "मेनू कार्ड."

कामगारांच्या सुरक्षेचा इथला कायदा निक्सन यांच्या सहीने २९ डिसेंबर १९७० रोजी झाला. तो राबवणारं खातं म्हणजे ओशा. बांधकामावर माणूस ६ फूट किंवा त्याहून उंचावर काम करत असेल तर कठडा हवा, जाळी हवी, नाहीतर अंगावर दोरखंडाचा पट्टा हवा, हा त्याचा दंडक. पण हा कायदा मालक आणि नोकर यांच्यातला. बिनपगारी स्वयंसेवक सर्वसाधारणपणे त्यात बसत नाही. आमचा सुपरवायझर पगारी, त्याच्या डोक्यावर कायद्याचं छत्र. त्याच छपरावर बाजूला लटकलेला दातांचा डॉक्टर मात्र उघड्यावर. काकांना हे कळलं त्या दिवशी ते दोन घास कमी जेवले. "म्हणजे बघ," ते मला म्हणाले, "ज्याला करवत कळते त्याला सरकार, आणि ज्याने जन्मात फक्त एक्सेल उघडलं त्याला देव!" देवाचं तेवढं काम काकांनी त्याच आठवड्यात स्वतःकडे घेतलं.

पण अधिकार कुठला? कारखान्यात मेमो देता यायचा, पगार कापता यायचा. इथे माणूस शनिवारची झोप मोडून, स्वतःचं पेट्रोल जाळून उपकार करायला आलेला. त्याला काढून टाकणार कशावरून? उत्साह हाच इथला सगळ्यात मोठा धोका, आणि त्याच्यासाठीच तर आपण त्याचे आभार मानत असतो. त्यामुळे काकांच्या हाती उरतात दोनच हत्यारं. एक सकाळचं भाषण आणि दुसरं, चिकाटी.

भाषण पावणेआठला, डोनट संपायच्या आत. काका शिडी भिंतीला लावतात. बुटांची टोकं शिडीच्या पायांना भिडवतात, ताठ उभे राहतात आणि दोन्ही हात सरळ समोर करतात. तळवे अलगद पायरीवर टेकले तर शिडीचा कल बरोबर, म्हणजे ४ फूट उंचीला १ फूट पाय बाहेर. कोपर वाकवावं लागलं तर शिडी फार उभी, आणि हात पोचलेच नाहीत तर फार आडवी. मग एकेकाला पुढे बोलावून तेच करायला लावतात. तीस माणसं ओळीने हात पुढे करून शिडीला सामोरी जाताना रस्त्यावरच्या गाड्या हळू होतात. शिडीचं टोक छपराच्या कडेच्या ३ फूट वर का ठेवायचं, हे काका प्रश्नोत्तरांतून काढून घेतात. "छपरावर पाय टाकताना काय धरणार? हवा?" एका कॉलेजकुमाराने प्रामाणिकपणे "येस" म्हटलं. त्याला दिवसभर खाली रंग ढवळायला बसवलं होतं.

माणसांचे प्रकार काकांना पाठ आहेत. एकाच रंगाचे टी-शर्ट घालून येणारी कंपनीची टोळी सर्वांत आज्ञाधारक, फक्त फोटो येईपर्यंत. मग त्यांच्या व्हाइस प्रेसिडेंटबाई लाडिकपणे विचारतात, फोटोपुरतं हेल्मेट काढलं तर? काकांचं उत्तर ठरलेलं आहे. वरून सुटलेली हातोडी 'स्माइल प्लीज' संपेपर्यंत थांबत नाही. चर्चची मंडळी प्रार्थनेवर जरा जास्तच विसंबून असतात. शाळकरी मुलांना काका गेटवरच वय विचारतात. सोळाच्या आतलं लेकरू चालू कामावर नाही, आणि सोळा-सतरावाल्यांना छप्पर नाही की विजेची करवत नाही.

खरी झुंज असते निवृत्त अमेरिकन आजोबांशी. दर बुधवारी येणारी ही मुरलेली मंडळी शनिवारीही हजेरी लावतात. स्वतःच्या हातोड्या, स्वतःचे कॉफीचे थर्मास, आणि 'गेली चाळीस वर्षं असंच करतोय' हे ब्रह्मवाक्य. त्यांतले एक लांब मिशीवाले गृहस्थ घडीच्या शिडीच्या थेट माथ्यावर उभे राहतात. 'इथे उभे राहू नये' असं तिथेच छापलेलं असतं, नेमकं त्यांच्या बुटाखाली. काका त्यांच्यावर ओरडत नाहीत. ओरडलं की माणूस दचकतो आणि वर असताना दचकू नये. काका शिडीच्या बाजूला उभे राहतात आणि चिंचवडच्या आतेभावाची गोष्ट सुरू करतात. दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी, टेबलावर स्टूल, स्टुलावर आतेभाऊ. तिथून कथा आत्याच्या लग्नात शिरते, लग्नातून जमिनीच्या वादात, वादातून वकिलाच्या मधुमेहात. मधुमेहापर्यंत मिशीवाले खाली आलेले असतात. ती गोष्ट आजवर कुणी पुरती ऐकलेली नाही. आतेभाऊ पडला की नाही, हे मलाही माहीत नाही.

चिकाटीचा दुसरा अवतार म्हणजे वायरी तपासणं. विजेची लांब वायर काका डाव्या हाताच्या चिमटीतून सरकवत नेतात, जपमाळ ओढावी तशी, डोळे मिटून. मध्येच बोट थांबतं. तिथे पत्र्याच्या कडेने रबराला गेलेला केसाएवढा चिरा असतो. काका खिशातून पक्कड काढतात आणि वायरीचा प्लगच कापून टाकतात. चिकटपट्टी लावून चालवू, असं कुणी म्हणायच्या आत. सुपरवायझर दर वेळी कळवळतो. प्लग कापलेली वायर कुणी 'आजच्यापुरती' वापरू शकत नाही, यावर काकांचा गाढ विश्वास आहे, कारण 'आजच्यापुरती' हा शब्द त्यांनी दोन खंडांत ऐकलाय.

अपघात झाला नाही पण होता होता राहिला, अशा गोष्टी नोंदवायची रीत सेफ्टीच्या धंद्यात आहे. काकांची त्यासाठी दोनशे पानी वही आहे. वर अर्जुनाच्या रथाचं चित्र, आत 'थोडक्यात वाचले' असं शीर्षक. नोंदी मराठीत, कारण त्या नावं ठेवण्यासाठी नसून आत्मशांतीसाठी असतात. मला दाखवलेल्या पानावर होतं:

"मिशीवाले. शिडीचा माथा. सांगितलं. हसले."

"बँकेची मुलगी. बोटं उघडी चप्पल. म्हणे पावलांना श्वास हवा. बूट दिले. नंबर मोठा. आता तोच धोका."

"फळीतून वर आलेला खिळा. मीच वाकवला. कुणाचा, विचारलं. कुणाचाच नाही."

शहर खात्याचा इन्स्पेक्टर आला तो दिवस मात्र इतिहासात जाईल. त्याच्या सहीशिवाय सांगाड्यावर आतले तक्ते चढत नाहीत, म्हणून सुपरवायझर सकाळपासून केस विंचरून उभा. ट्रकमधून उतरलेल्या साहेबांच्या डोक्यावर बेसबॉलची टोपी. काकांनी त्यांना गेटवरच अडवलं. "हेल्मेट, प्लीज." सुपरवायझरचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबांनी काकांकडे पाहिलं, काकांच्या छातीवरच्या जुन्या बिल्ल्याकडे पाहिलं, आणि निमूट हेल्मेट चढवलं. मग आत जाऊन त्यांनी काम नापास केलं. लाकडाच्या कडेलगत वायरी गेल्या होत्या तिथे काही ठिकाणी खिळा रोखणारी लोखंडी पट्टी मारायची राहिली होती. सगळ्यांनी काकांकडे असं पाहिलं की पट्ट्या त्यांनीच खाल्ल्या असाव्यात. काका खुशीत होते. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले, "उद्या घरमालकीण भिंतीत चित्राला खिळा ठोकेल तो थेट वायरीत. हा माणूस घराची काळजी घेतो, मी घर बांधणाऱ्यांची. आमचं जमणार." दोघं नंतर अर्धा तास ट्रकच्या सावलीत बोलत होते. आतेभावाची गोष्ट नव्हती, एवढं नक्की, कारण इन्स्पेक्टर हसत होता.

काकांचं दैवत जिमी कार्टर. माजी राष्ट्राध्यक्ष हातोडी घेऊन वर्षानुवर्षं हॅबिटॅटच्या कामावर जात. २००६ साली ते लोणावळ्याजवळ माळवलीच्या परिसरात आले होते. पाटण गावात १०० घरांचा संकल्प होता, आणि मदतीला ब्रॅड पिटही आला होता. अख्ख्या मावळाने ब्रॅड पिट बघितला. काकांकडे त्या वेळचं वर्तमानपत्राचं कात्रण आहे, त्यात ते आजही मागच्या परांचीच्या गाठी तपासतात. पण दैवताशी भांडणही आहे. २०१७ मध्ये कॅनडात विनिपेगला काम करताना उन्हात अंगातलं पाणी कमी झालं आणि ९२ वर्षांच्या कार्टर यांना इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामावर हजर. ही कथा काका जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी सांगतात आणि सांगून झाल्यावर प्रत्येकाला आपल्या देखत पाणी प्यायला लावतात. २०१९ मध्ये तर ९५ वर्षांचे कार्टर पडले, कपाळाला १४ टाके पडले, आणि काळानिळा डोळा घेऊन ते नॅशव्हिलला घरं बांधायला पोचले. काकांना या प्रसंगाचा विलक्षण अभिमान आहे. "पडले कुठे? स्वतःच्या घरात! साइटवर नाही!"

सगळ्या मंडळींत काकांचं मुकाट्याने ऐकते ती एकटी होऊ घातलेली घरमालकीण. ती आपले ठरलेले तास भरायला येते. एकदा टोळीतल्या कुणीतरी काकांची नक्कल केली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, माझी नोकरी तासावर आहे, हात मोडला तर पगार बंद. आणि या घरात मला राहायचंय, इथे कुणी पडलं हे मला जिन्यावरून जाताना रोज आठवायला नको. नक्कल करणारा गप्प बसला. काकांनी लगेच तिचे हातमोजे तपासले आणि अंगठ्याशी फाटलेले म्हणून बदलायला लावले.

घरी काका चालत नाहीत. न्हाणीघरातल्या पायपुसण्याखाली रबरी जाळी नाही, गणपतीच्या आराशीत एकाच प्लगमधून सात माळा घेतल्यात, निरांजनाजवळ कापडी पडदा आहे, असे अहवाल काकूंपुढे सादर होतात आणि दप्तरी दाखल होतात. "तुमची ओशा फाटकाबाहेर," काकू म्हणतात, "इथे मी आहे."

महाराष्ट्र मंडळाला मात्र असं म्हणता आलं नाही. तरुण मंडळींनी दहीहंडी ठरवली आणि बिचाऱ्यांनी शिष्टाचार म्हणून काकांना सल्ला विचारला. काकांनी थर रद्द केले. मग गाद्या, दोर आणि हेल्मेटवर वाटाघाटी झाल्या. शेवटी तोडगा असा निघाला की हंडी जमिनीवर उभं राहून हात पोचेल एवढ्याच उंचीवर बांधायची. माप काकांनी स्वतःवरून घेतलं. काकांची उंची ५ फूट ४ इंच. हात उंच केला, बोटं टेकली, त्याच्याही खाली जरा मोकळीक धरली. हॉलमध्ये गोविंदांनी 'गोविंदा आला रे' केलं आणि एका सात वर्षांच्या मुलाने टाचा उंचावून हंडीचं बूड खाजवलं. ती काही फुटेना. तेवढ्यात पाहुणे म्हणून बोलावलेला आमचा सुपरवायझर बायकोला रांगोळी दाखवत, मान वळवून बोलत, सरळ चालत आला. तो ६ फूट ४ इंच.

वहीतली त्या दिवसाची नोंद काकांनी स्वतःहून मला वाचायला दिली. "दहीहंडी. सुपरवायझर. कपाळाला खोक नाही, टेंगूळ आहे. शर्टभर दही. पगारी माणूस, पण सुट्टीवर, सबब ओशा लागू नाही. हेल्मेट गाडीत होतं."